पुरी बैठक

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता दिलीपराव शेडगे खांद्यांवर चाळीस किलो वजन घेऊन आपल्याच हॉलमध्ये खाली बसले, आणि त्यांना उठता येईना.

बसेपर्यंत सगळं झकास झालं होतं. जेवणाच्या टेबलावर दोन स्टुलं, स्टुलांवर लोखंडी रॉड, रॉडच्या दोन्ही टोकांना प्लेटा, ही सगळी मांडणी त्यांनी फूटपट्टीने मोजून केली होती. ते पेशाने ड्राफ्ट्समन होते, मोजल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा मारत नसत. रॉडखाली मान घातली, रॉड उचलला, मोजून दोन पावलं मागे आले आणि श्वास घेऊन खाली गेले. तळाला पोचल्यावर मात्र टाचा आपोआप उचलल्या गेल्या, गुडघे एकमेकांकडे झुकले, पाठीला कुबड आलं आणि सगळा भार पायांच्या बोटांवर येऊन थांबला. रॉड मागे टाकावा, तर मागे काचेचा टीपॉय होता, सासुरवाडीने दिलेला. पुढे टाकावा, तर टेबल. तिथल्या तिथे सोडून द्यावा, तर खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत होते आणि त्यांच्या छताचं प्लॅस्टर एकदा त्यांच्याच आमटीत पडलेलं होतं.

घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांची बायको नंदिनी लेकीला, सईला घेऊन वाशीला खरेदीला गेली होती. जाताना ती चप्पल घालता घालता म्हणाली होती, "डाळीचा कुकर लावलाय. शिट्ट्या मोजा. तीन झाल्या की गॅस बंद." गावाहून आलेली सत्यभामाआत्या पोतंभर मिरच्यांना ऊन दाखवायला गच्चीवर गेली होती. आणि आपला हा उद्योग कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून दिलीपरावांनी दाराला आतून कडी घातली होती.

कुकरची दुसरी शिट्टी झाली.

या उद्योगामागे एक अपमान होता. दिलीपराव ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत होते. तिथे दर सव्वीस जानेवारीला क्रीडादिन व्हायचा. लिंबू-चमचा, रस्सीखेच आणि शेवटी खांद्यावर पन्नास किलो घेऊन निदान दहा बैठका; जास्त मारेल तो पहिला. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, ड्रॉइंग डिपार्टमेंटमधून कोणीच उभं राहीना म्हणून दिलीपराव उभे राहिले होते. पहिल्याच बैठकीला ते खाली गेले आणि तिथेच राहिले. स्टोअर्समधल्या चौघांनी येऊन त्यांना रॉडसकट वर उचललं. तोपर्यंत मॅनेजरसाहेबांचा चहा पिऊन झाला होता. स्टोअर्सचा बाबासो निकम माइकवरून म्हणाला, "शेडगेसाहेबांची बैठक कोरमअभावी तहकूब!"

तेव्हापासून ऑफिसात त्यांना दुसरी हाक नव्हती. "काय शेडगे, बैठक संपली का?" कँटीनमध्ये खुर्ची पुढे ओढून देत कोणीतरी म्हणायचं, "बसा हो, पण उठायचं बघून बसा." दिलीपराव हसायचे. घरी आले की मात्र बाल्कनीत गप्प उभे राहायचे. नेरूळच्या त्या बाल्कनीतून तेव्हा थेट खाडीपर्यंत दिसायचं. मध्ये नुसते मोकळे प्लॉट, त्यावर वाळलेलं गवत आणि कुठेतरी एखादी सिमेंटची पाटी. इतकी मोकळी जागा असून माणसाला तोंड लपवायला कोपरा नाही, असं त्यांना वाटायचं.

म्हणून त्यांनी सेक्टरच्या मार्केटातल्या गाळ्यात मानसिंगची व्यायामशाळा धरली. मानसिंग फलटणकडचा, छातीने दार अडवणारा माणूस. "साहेब, बैठकीत शिकायचं काय असतंय? बसायचं आन उठायचं," हे त्याचं सगळं शास्त्र. तिथे सगळेच आरशासमोर भरपूर प्लेटा लावून टीचभर खाली जात आणि ओरडत वर येत. दिलीपरावही तशा साठ किलोच्या बैठका मारू लागले. पण स्पर्धेत मांडी गुडघ्याच्या खाली जावी लागे, आणि तेवढं खाली ते एकदाही गेले नव्हते. मानसिंग जत्रेला गावी गेला, आठवडाभर शाळा बंद राहिली. तेव्हा दिलीपरावांनी त्याच्या परवानगीने एक रॉड आणि प्लेटा रिक्षातून घरी आणल्या. रॉड दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली ती रिक्षा पाहायला अख्खी सोसायटी बाल्कनीत आली होती.

तिसरी शिट्टी झाली. पाठोपाठ दारावर थाप पडली.

"दिलपा, दार उघड." आत्या गच्चीवरून आली होती.

दिलीपरावांनी छातीत श्वास कोंडून धरला होता. तो सोडला तर रॉड पाठीवरून घसरेल, हे त्यांना कळत होतं. तोंड न उघडता जेवढं बोलता येईल तेवढं ते बोलले.

"हंऽ."

"हं काय? कडी काढ."

"हंऽ."

"न्हानीत हाईस व्हय?"

"हंऽ."

आत्या समजूतदार बाई होती. जिन्याच्या पायरीवर टेकून तिने वाट पाहिली. चौथी शिट्टी झाली, तरी आतून पाण्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. मग तिने दोन्ही हातांनी दार वाजवलं. समोरच्या दारातून मालतीबाई बाहेर आल्या. त्या शाळेतून रिटायर झालेल्या होत्या, पण चौकशा घेण्यातून नव्हे.

"काय झालं आत्या?"

"आत हाय. इचारलं की हं हं करतुया."

"हं हं?" मालतीबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, छातीत कळ आली की माणूस असंच करतो! आमच्या ह्यांच्या साहेबांना सेम असंच झालेलं. तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी फोन लावून बघते."

दुसऱ्या क्षणी दिलीपरावांच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर, फोन खणखणू लागला. चार वर्षं नंबर लावल्यावर मिळालेला फोन होता तो. तो वाजला की घरातले तिघंही धावत, आणि जो आधी उचलेल त्याचा त्या दिवशी मान. आज तो एकटाच वाजत राहिला. अठरा वेळा वाजला. दिलीपरावांनी तेही मोजलं, कारण त्यांच्याकडे दुसरं काम नव्हतं.

"उचलत नाहीत!" मालतीबाई जवळजवळ आनंदाने ओरडल्या. "हिरामण! ए हिरामण, वर ये लवकर!"

हिरामण सोसायटीचा वॉचमन, तळवलीचा. पूर्वी त्यांची तिथेच भातशेती होती. जमिनी गेल्या, वसाहत झाली, आणि इतर लोकांच्या घरांची राखण त्याच्याकडे आली. तो दोन पायऱ्या एका पावलात घेत वर आला.

"सायेब! आवो सायेब! दार उघरा ना! बरा हाय ना तुमाला?"

"हंऽ," आतून आवाज आला. सोबत कुकरची पाचवी शिट्टी.

"याला बरा नाय म्हंतान," हिरामण गंभीरपणे म्हणाला. "मी पहार घेऊन येतो. दोन ठोक्यांत दार खाली."

ते दार अस्सल सागवानी होतं. दिवाळीतच बसवलेलं. कोंडलेला सगळा श्वास एकत्र करून दिलीपराव ओरडले, "नको!"

त्या एका शब्दाची किंमत म्हणून रॉड आणखी दोन बोटं खाली उतरला.

"शुद्धीवर हाय," आत्या म्हणाली, आणि दाराच्या टपालाच्या फटीकडे वळली. सुताराने ती फट भलत्याच खाली, गुडघ्याच्या उंचीवर पाडली होती. त्यावरून पोस्टमन रोज कुरकुरत असे. आत्याने नऊवारीचा काष्टा सावरला आणि ती सहज, पाट ओढून घ्यावा तितक्या सहज, उकिडवी बसली. पितळी झाकण वर केलं आणि फटीला डोळा लावला.

समोर दहा फुटांवर, बरोबर तिच्याच उंचीवर, भाच्याचं तोंड होतं. वांग्यासारखं जांभळं.

"दिलपा," आत्या म्हणाली, "काय करतुयास रं तिथं?"

"व्या...याम."

"आन मानंवर ते जू कसलं?"

"उठता येईना, आत्या."

आत्याने झाकण खाली सोडलं. मग मागे वळून इतर दोघांना म्हणाली, "काय न्हाई. बसलाय. उठवते त्याला."

"बसलाय म्हणजे?" मालतीबाईंची निराशा झाली. "सोफ्यावर?"

आत्याने झाकण पुन्हा वर केलं. तिचा डोळा परत फटीला लागला होता. सासष्ट वर्षांची ती बाई. चाळीस वर्षं विहिरीच्या पायऱ्यांवरून दोन-दोन घागरी आणि फडातून उसाच्या मोळ्या वाहिलेली. एक नजर टाकली आणि तिला सगळं दिसलं.

"खाली बघू नगंस. समोर बघ. माझ्या डोळ्याकडं."

दिलीपरावांनी फटीतल्या डोळ्याकडे पाहिलं.

"बोटांवर आलाईस. टाचा टेक."

"टेकत नाहीत."

"गुडघं जवळ घेतल्यावर कशा टेकतील? भाईर काढ गुडघं. आनखी. लाजतुस कशाला, आत कोन हाय बघायला?"

दिलीपरावांनी गुडघे बाहेर ढकलले. मांड्यांमध्ये जागा झाली, पोट त्या जागेत उतरलं, आणि काय नवल, टाचा जमिनीला लागल्या. इतका वेळ डगमगणारं शरीर एकदम चार पायांचं झाल्यासारखं स्थिर झालं.

"हां. आता छाती वर. पोटात वारा भरून घे आन दाबून धर, घागर उचलताना धरतंय तसा. धरलास? आता उठू नगंस."

"आँ?"

"उठू नगंस म्हनलं. उठाय गेलास की बूड आधी वर येतंय आन मान खाली जाती. तू फकस्त पायानं जमीन खाली ढकल. ढकल, ढकल, ढकल!"

दिलीपरावांनी जमीन ढकलली. मांड्या थरथरल्या, शोकेसमधले कप किणकिणले, कुकरने सातवी शिट्टी मारली, आणि बघता बघता फटीतून दिसणारं तोंड वर वर जाऊन दिसेनासं झालं. आत्याला आता फक्त भाच्याच्या नडग्या दिसत होत्या. मग स्टुलांवर लोखंड टेकल्याचा आवाज आला.

"उठला," आत्या म्हणाली आणि हात न टेकता स्वतःही उठली.

दार उघडलं तेव्हा मालतीबाई ग्लुकोजचं पाणी घेऊन, हिरामण पहार घेऊन आणि खालचे सेक्रेटरी हातात नियमावली घेऊन उभे होते. दिलीपरावांनी आधी जाऊन गॅस बंद केला. अर्ध्या तासाने नंदिनी आली. तिने घरात शिरताच नाक मुरडलं, मग कुकर उघडला. डाळीचा काळा पापड झाला होता.

"किती शिट्ट्या झाल्या?"

"आठ."

"मी मोजायला सांगितलं होतं ना?"

"मोजल्या म्हणून तर सांगतोय," दिलीपराव म्हणाले.

त्या दिवशी पिठलं-भात झाला. जेवताना टेबलापाशी बसलेल्या भाच्याकडे आत्या बराच वेळ बघत होती. ती स्वतः खाली भिंतीशी ताट घेऊन बसली होती.

"तुझ्यात ताकद हाय रं," ती म्हणाली. "पर तुझ्या बुडाला खुर्ची चिकटलीया. उठल्यापास्नं झोपस्तवर एकदा तरी पुरा खाली बसतुस का?"

दिलीपराव हिशेब करू लागले. ऑफिसात ड्रॉइंग बोर्डासमोर उंच स्टूल. कंपनीच्या बसमध्ये सीट. घरी टेबल, सोफा, पलंग. संडासही खुर्चीचाच. चार वर्षांपूर्वी ब्लॉकचा ताबा मिळाला तेव्हा त्यांनीच मोठ्या हौसेने गावी पत्र लिहिलं होतं, 'आमच्याकडे सगळं उभ्याने होतं, खाली वाकायचं कामच नाही.' कोरेगावजवळच्या त्या घरात, चुलीपुढे आईच्या शेजारी उकिडवं बसून गरम भाकरीची वाट बघणारा मुलगा नक्की कोणत्या दिवशी शेवटचा खाली बसला होता, ते काही त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. रॉड नाही, प्लेटा नाहीत. ऑफिसातून आलं की बाल्कनीत आत्यासमोर उकिडवं बसायचं आणि मेथी निवडायची. पहिल्या दिवशी दिलीपराव दोन काड्या निवडून मागच्या मागे कुंडीवर कलंडले. मग आत्याने त्यांच्या टाचांखाली पोत्याची जाड घडी दिली. "रोज थोडी थोडी कमी करायची. घाई न्हाई." आठवड्याने घडी अर्धी झाली. नंदिनीला महिनाभर भाजी निवडावी लागली नाही. त्यामुळे तिचा या व्यायामाला असलेला विरोध हळूहळू मावळला. सई शेजारी गृहपाठ घेऊन बसायची आणि बाबा कितीदा हात टेकतात ते वहीच्या मागच्या पानावर लिहायची.

त्या संध्याकाळी छान असायच्या. खाडीवरून खारा वारा यायचा. लांब कुठेतरी एखाद्या बांधकामावर दिवा लागायचा, आणि बाकी सगळा सेक्टर आठ वाजताच निजल्यासारखा शांत. आत्या निवडता निवडता भावाच्या, म्हणजे दिलीपरावांच्या वडिलांच्या गोष्टी सांगायची. ते कसे बैलगाडी चिखलात रुतली की चाकाला खांदा लावायचे, लावण्याआधी कसे एकदा पुरे खाली बसून पायाखालची जमीन चाचपायचे. "बसल्याबिगर उठायचा जोर येत न्हाई, म्हनायचा." वडील गेले तेव्हा दिलीपराव सतरा वर्षांचे होते. त्यांना वडिलांबद्दल इतकं काही आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सोफ्यावर बसून या गोष्टी निघाल्या नसत्या, असं त्यांना वाटलं.

जत्रेहून मानसिंग परतला. रॉड परत करायला दिलीपराव गेले, तेव्हा आत्याही सोबत गेली. गाळ्याच्या दारात मानसिंगने हात आडवा केला.

"मावशी, इथं लेडीजला अलाऊड नाय."

"मी कुटं लेडीज हाय? मी आत्या हाय," असं म्हणून ती हाताखालून आत गेली.

आत आरशासमोर एकजण ऐंशी किलो घेऊन टीचभर खाली जात होता आणि सुटल्या बैलासारखा ओरडत होता. आत्याने त्याच्या पाच बैठका पाहिल्या.

"ह्येला खालनं कोन टोचतंय का?"

"का?"

"निम्म्यातनंच उठतुया."

"आत्या, ऐंशी किलो हाय ते!" मानसिंग दुखावला.

"वजन ऐंशी हाय, पर बैठक चार आन्याची हाय. तू बस बघू."

मानसिंग शंभर किलोचा गडी, पण फलटणकडचा असल्याने वडीलधाऱ्या बाईला नाही म्हणणं त्याला जमेना. आत्याने रॉडवरच्या सगळ्या प्लेटा काढायला लावल्या. नुसता रॉड घेऊन मानसिंग पुरा खाली गेला आणि तळाला, आरशात स्वतःकडे अविश्वासाने बघत, मागे बसला. धप्पकन. गाळ्यात कोणी हसलं नाही. कारण आता आपली पाळी, हे सगळ्यांना कळलं होतं.

त्या आठवड्यात व्यायामशाळेतल्या प्लेटा पहिल्यांदाच कोपऱ्यात धूळ खात पडल्या. आत्या रोज संध्याकाळी स्टुलावर बसून पुकारा करायची. "टाचा! गुडघं! वारा भर!" एक दिवस बैठका, एक दिवस विश्रांती. आठवड्याला दोन्ही बाजूंना मिळून अडीच किलो वाढवायचे, जास्त नाही. आणि आल्या आल्या प्रत्येकाला दोन प्रश्न, "जेवलास का? झोपलास का?" उत्तर नाही आलं की त्या दिवशी नुसता रॉड.

सव्वीस जानेवारी उजाडला. कंपनीच्या मैदानात मांडव, माइकवर बाबासो निकम. दिलीपरावांचं नाव पुकारताना त्याचा आवाजच हसला. "आता गेल्या वर्षीची तहकूब बैठक पुढे चालू!" आत्या नंदिनी आणि सईबरोबर दुसऱ्या रांगेत होती. तिला खुर्ची दिली होती, पण ती खुर्चीच्या पुढ्यात उकिडवी बसली होती.

पहिल्या सहा बैठका भराभर झाल्या. टाळ्या पडल्या. सातव्या बैठकीला दिलीपराव तळाला गेले आणि तिथेच थांबले. मांड्या पेटल्या होत्या. बाबासोने माइक तोंडाजवळ नेला. सईने डोळे मिटले. दिलीपरावांना गेल्या वर्षीचे ते चार जण आठवले, मॅनेजरसाहेबांचा चहा आठवला. पण या वेळी टाचा जमिनीवर होत्या. खाली बसणं आता काही परक्याचं घर राहिलं नव्हतं. तिथे ते रोज तासभर मेथी निवडत होते. त्यांनी सावकाश श्वास भरला, आणि जमीन खाली ढकलली.

सात. आठ. नऊ. दहाव्याला ते वर आले तेव्हा ड्रॉइंग डिपार्टमेंटच्या लोकांनी टोप्या उडवल्या.

पहिला नंबर बाबासोचाच आला, चौदा बैठका मारून. दिलीपरावांना उत्तेजनार्थ म्हणून एक स्टीलचा डबा मिळाला. पण दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कोणी बैठक हा शब्द काढला नाही. दुपारी बाबासो त्यांच्या टेबलाशी आला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "शेडगेसाहेब, उतरताना माझा उजवा गुडघा करकर वाजतोय. त्या म्हाताऱ्या बाई कोण होत्या?"

ज्वारी काढणीला आली तशी आत्या गावी गेली. आठ दिवसांत मानसिंग घरी हजर.

"साहेब, आत्या गेल्या आन पोरं परत निम्म्यातनं उठायला लागली. माझं ऐकत नाहीत. मी स्वतःच उठतोय निम्म्यातनं. काहीतरी करा."

दिलीपरावांनी दोन रविवार खर्चून एक चित्र काढलं. पुरुषभर उंचीचा कागद, त्यावर काळ्या शाईत आत्या. नऊवारी, अंबाडा, खांद्यावर रॉड, पुरी खाली बसलेली. टाचेला बाण, गुडघ्याला बाण, छातीला बाण, आणि नजर थेट समोर. ते डोळे असे साधले होते की गाळ्यात कुठेही उभं राहिलं तरी ते आपल्याकडेच बघताहेत असं वाटे. चित्र आरशाशेजारी लागलं. त्याच्यासमोर निम्म्यातून उठायची कोणाची छाती होईना.

वर्ष सरत आलं. जुने काही गेले, नवे आले. वसाहत भरत होती, रोज नवं बिऱ्हाड उतरत होतं. नवा कोणी विचारायचा, "ह्या कोण?" मानसिंग प्लेटा लावता लावता सांगायचा, "आपल्या आत्या. त्यांनीच शिकवलं सगळं. माघात गेल्या." गावी, हा शब्द तो दर वेळी गाळायचा.

दसऱ्याला सगळ्या लोखंडाला झेंडूच्या माळा पडल्या, तशी एक चित्रालाही पडली. कोणीतरी उदबत्ती लावली. ती मग रोजचीच झाली. दिवाळीत आत्या आली, त्या संध्याकाळी दिलीपराव तिला हौसेने चित्र दाखवायला घेऊन गेले. मानसिंग बाहेर गेलेला होता. आत नवीनच लागलेला आशुतोष नावाचा एक बँकेतला कारकून रॉड पुसत होता.

आत्या चित्रासमोर उभी राहिली. हार. उदबत्ती. कपाळावर कुंकवाचं बोट. दिलीपरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

आशुतोष अदबीने पुढे आला. आत्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा होता, डोक्यावरून पदर होता. ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"नमस्कार करा आजी. फार मोठ्या बाई होत्या. शंभर किलो घेऊन शंभर बैठका मारायच्या."

"व्हय?" आत्या म्हणाली. "आन गेल्या कशानं?"

आशुतोषने आवाज खाली आणला. "बैठक मारतानाच. शेवटची पुरी केली, रॉड जागेवर ठेवला, आणि मग गेल्या. निम्म्यात सोडलं नाही."

दिलीपराव घाईने बोलायला गेले, "अहो, ह्याच त्या..." आत्याने त्यांचा दंड असा दाबला की ते गप्प झाले. मग तिने पदर सावरला, चित्राला मनोभावे हात जोडले आणि म्हणाली, "गुणाची बाई व्हती."

बाहेर आल्यावर दिलीपरावांना राहवेना. "आत्या, अगं सांगितलं का नाहीस? मी आत्ता जाऊन तो हार काढून टाकतो!"

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली, आणि मागे वळून गाळ्यात एकदा नजर टाकली. आशुतोष रॉडखाली मान घालून सावकाश, टाचा टेकून, पुरा खाली चालला होता. "जित्ती हाय म्हनून कळलं, तर परत निम्म्यातनं उठतील."